सुमतीबाईंच्या डिस्कवरचे पक्षी

शनि., २ डिसें. २००६
शेजारच्या सुमतीबाईंच्या संगणकावर लिनक्स टाकायला बसलो. त्यांना नको होतं. महिनाभर मीच मागे लागलो होतो. डिस्कचे भाग पाडताना जुन्या भागांचा तक्ता पुसून नवा लिहिला. एक की दाबली, त्यांची ‘डी’ ड्राइव्ह गायब. तीत नदीकाठच्या पक्ष्यांच्या बावीस वर्षांच्या नोंदी. मूळ वह्या टाइप करून रद्दीत गेल्या. ‘‘आता वह्या कशाला ठेवता?’’ हेही मीच म्हटलेलं.
बाईंना म्हटलं, जरा वेळ लागेल. कॅबिनेट घरी आणलं. खोटं बोललो नाही. खरंही...

रवि., ३
नीलाला सांगितलं. बायको म्हणून धीर देईल असं वाटलं होतं.
‘‘बाईंना कधी सांगणार? पक्षी परत गेल्यावर?’’
डिस्कचं असं झालंय: पुस्तक जागेवर आहे, अनुक्रमणिका फाटली आहे. म्हणजे मूळ डिस्कवर आता एक अक्षरही लिहायचं नाही. नवी डिस्क आणून तिच्यावर मूळ डिस्कची नक्कल काढायला लावली. वर्गात पोरांना ‘आधी विचार, मग कृती’ सांगतो. असो.
बाईंनी चिवडा पाठवला. गोड मानून खाल्ला, हे विशेष.

सोम., ४
नकलेवर शोध चालवला. ‘डी’ कुठून सुरू होते याची खूणच सापडेना. नेमकी तीच जागा माझ्या नव्या तक्त्याने खराब झालेली. अंदाजाने आकडे दिले. सगळे फुकट.
संध्याकाळी चिवड्याची बशी धुतली. तळाला चिठ्ठी: ‘१९८८, नाशिक. कडेला टवका आधीपासून.’ बाई सृष्टिविज्ञानाच्या शिक्षिका होत्या. घरातल्या प्रत्येक वस्तूखाली अशी चिठ्ठी लावतात.
कॅबिनेट आडवं केलं. तळाला चिठ्ठी होतीच:
‘सी १५, डी २५. दुकानदाराकडून लिहून घेतलं. तो विसरेल.’

मंगळ., ५
‘सी’ पंधरा जीबीची, म्हणजे ‘डी’ तिथूनच सुरू. पंधराच्या आसपास शोधलं. ‘डी’ उघडली. वर्षांची नावं ओळीने, १९८४पासून. नीलाला हाक मारली. ती म्हणाली, ‘‘हाक बाईंना मारा.’’
फक्त २००३ उघडत नाही. ते वगळून सांगावं असं क्षणभर मनात आलं. नाही केलं. बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं.
‘‘म्हणजे मला न विचारता?’’
‘‘विचारून. तुम्ही हो म्हणाला नव्हतात.’’
‘‘एवढं आठवतंय ना. ठीक.’’ मग चष्मा पुसत, ‘‘२००३मध्ये चित्रबलाक करकोच्यांची वीण झाली होती, वानखेडे. नदीवर पहिल्यांदाच.’’
मी तेवढं टिपून घ्यायला खिशात कागद शोधला.
‘‘उद्या सकाळी सहाला पुलावर या. वही आणा. कागदाची.’’

बुध., ६
गेलो. थंडी, आणि तीन बदकं ज्यांची नावं मला येत नाहीत. बाईंनी ती माझ्याकडून तीन वेळा लिहून घेतली.
२००३चा शोध अजून चालू आहे. एक टक्का, दोन टक्के.
नव्या वहीच्या तळाला चिठ्ठी लावली. कोणाची, कधी घेतली, कशासाठी. ‘कशासाठी’च्या पुढे अजून कोरं आहे.