भाकरी नाउन, गरम अ‍ॅडजेक्टिव्ह

१० जून
रेणुका म्हणाली, मावशी, इंग्रजी यायचं असेल तर रोज चार ओळी लिहायची सवय लावा, आधी मराठीतच लिहा. म्हणून लिहून राहिले. हे कुणाला दाखवायचं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, ती पण बिलोलीकडच्या खेड्यातली. पण अक्षर बरं आहे.

मुद्दा असा. गल्लीच्या टोकाला नरसिंग सरांचं मुलींचं नवं हॉस्टेल उघडून राहिलंय. मुलींचं दोन्ही वेळचं जेवण ते एकाच मेसला देणार. म्हणजे एकतर मला, नाहीतर समोरच्या शिवकन्येला. जिला मिळेल तिची वर्षभराची चिंता मिटली. जिला मिळणार नाही तिनं या लातुरात काय करावं, मला माहीत नाही. बातमी आमच्या यांनी आणली. सर महिनाअखेर कधीतरी न सांगता जेवायला येणार, आणि त्यांना म्हणे स्टँडर्ड मेस पाहिजे.

स्टँडर्ड म्हणजे काय ते मला लगेच कळलं. शिवकन्या दारात उभी राहून पोरांना वेलकम बेटा म्हणते. भाकरी काही तिची माझ्याइतकी पातळ होत नाही. फरक आहे तो इंग्रजीचा. तेवढा भरून काढला की हॉस्टेल माझं.

रेणुका देवणीची. बँकेच्या परीक्षा देते, माझ्याकडं जेवते, इंग्रजी तिला पाण्यासारखं येतं. तिला सांगितलं, मला शिकव, रोज दही डबल. ती म्हणाली, पार्ट्स ऑफ स्पीचपासून सुरू करू, आठ असतात. मी म्हणलं, आठच? मला वाटलं होतं लई असतील.

११ जून, दुपारी
नाउन झालं. नाउन म्हणजे नाव. ताट नाउन, वाटी नाउन, लातूर नाउन. रेणुका म्हणाली, अजून उदाहरणं करा. मी म्हणलं, कळलेलं परत परत काय करायचं, पुढं चल.

पुढं प्रोनाउन. नाव न घेता बोलवायचं. हे तर लग्नापासून पाठ आहे. यांचं नाव लिंबाजी. इथं लिहिते, तोंडानं घेत नाही. इतकी वर्षं अहो आणि हे यावरच संसार झाला. रेणुकाला सांगितलं तर ती हसून राहिली. शिकवणाऱ्यानं असं हसू नये.

१३ जून
व्हर्ब, अ‍ॅडजेक्टिव्ह एका दमात उरकले. व्हर्ब म्हणजे काम. अ‍ॅडजेक्टिव्ह म्हणजे वस्तू कशी आहे ते. भाकरी नाउन, गरम अ‍ॅडजेक्टिव्ह, खाणं व्हर्ब. एका ताटात निम्मं ग्रामर आलं. हे पुस्तकवाल्यांना का सुचलं नाही कोण जाणे.

भाकऱ्या थापताना एक आयडिया आली. आपण एकट्यानं प्रॅक्टिस कशाला करायची? समोर पंगत बसलेली असते. उद्यापासून जो पार्ट चालू असेल तो वापरून इंग्रजीत मागायचं, मगच वाढायचं. पोरांचं इंग्रजी सुधरेल, माझं सुधरेल, आणि सर येतील तेव्हा अख्खी मेस इंग्रजीत जेवत असेल. शिवकन्येच्या सात पिढ्यांना हे जमणार नाही.

हे म्हणाले, अगं पोरं दिवसभर क्लासात तेच करतात, इथं जेवायला येतात. मी म्हणलं, म्हणूनच तुम्ही पाचवीत राहिलात. मी चौथीच, पण माझी चौथी पक्की आहे.

१४ जून, दुपारी
पहिला दिवस झकास. भिंतीवर खडूनं नियम लिहिला. एक पोरगं बरोबर म्हणालं, हॉट भाकरी. लगेच वाढली. दुसरं म्हणालं, भाकरी हॉट. त्याला थांबवलं. उलटं सुलटं करून त्यानं बरोबर म्हणेपर्यंत भाकरी गार झाली. मग मी म्हणलं, आता कोल्ड म्हण. त्याला गंमत कळली नाही. हल्लीच्या पोरांना विनोद समजत नाही.

रेणुका कानात म्हणाली, मावशी, भुकेल्या माणसाला नका अडवू. मी म्हणलं, तू ग्रामर बघ, मेस मी बघते.

१६ जून
आज दुसरी पंगत बसलीच नाही. पहिलीतच सगळे मावले. टाइम वाचला, गॅस वाचला. कुठल्यातरी क्लासची टेस्ट असणार. टेस्ट असली की पोरं जेवत नाहीत, रट्टा मारत बसतात.

वैजनाथचं बरं चाललंय. हा हदगावकडचा, मराठी शाळेतला, बोलायला लाजरा. आधी चार चार भाकऱ्या खायचा. आता एक खातो आणि गुमान हात धुतो. तोंडावर कंट्रोल आला पोराच्या.

उरलेल्या भाकऱ्या कोपऱ्यावरच्या देवणी गाईला घातल्या. ती काही मागत नाही, आणि तिला काही विचारावं पण लागत नाही.

१८ जून
प्रिपोझिशन. इन, ऑन, अंडर. वस्तू कुठं आहे ते. जेवताना यांनी मीठ मागितलं. मी म्हणलं, मीठ कुठं आहे ते सांगा, प्रिपोझिशन लावून. हे म्हणाले, तुझ्या हातात. मी म्हणलं, इंग्रजीत. ते ताटावरून उठले. म्हणाले, पोटाला आराम देतो.

तासाभरानं बडीशेप चघळत आले. चेहरा चांगला तुकतुकीत. पोटाला आराम दिल्यानं माणसात किती फरक पडतो.

१९ जून
यांचा पोटाला आराम चालूच आहे. दोन्ही वेळा. वजन मात्र कमी दिसून राहिलं नाही. वयानं असेल.

२० जून, संध्याकाळी
रेणुका आली नाही. फोनवर म्हणाली, क्लासचा टाइम बदलला, जेवायला जमणार नाही. आवाज जरा चोरटा वाटला. मला वाटतं तिच्याजवळचं शिकवायचं संपलं. दहा दिवसांत मी तिच्या बरोबरीला आले, तिला ते खुपलं असणार. शिकलेल्या पोरींना हे सहन होत नाही.

कंजंक्शन मी एकटीनं केलं. अँड, बट. दोन गोष्टी जोडायच्या. राइस अँड वरण. राइस अँड वरण बट नो पापड. हे फळीवरच्या भांड्यांना म्हणून दाखवलं, कारण पंगतीत तिघंच होते आणि तिघं पण खाली मान घालून होते.

उद्यापासून कुणावर ओरडायचं नाही. ठरलं.

२१ जून
ओरडले. पण कारण होतं. एका पोरानं बोलायचं टाळण्यासाठी बोटानं भाजी दाखवली. बोट हा कुठला पार्ट ऑफ स्पीच? तो ताट ठेवून गेला. जाऊ दे. खामखा डोक्याला ताप.

२२ जून
इंटरजेक्शन. मनात आलेलं एकदम तोंडातून निघतं ते. वाव, ओह, असं. जेवण झाल्यावर प्रत्येकानं वाव म्हणायचं असा नियम केला. आज येसरची आमटी होती, म्हणजे वाव यायलाच पाहिजे. कुणी म्हणालं नाही. शेवटी वैजनाथनं मिरची चावली आणि आई गं म्हणाला. माझ्या हिशेबात ते धरलं. रेणुका असती तर तिनं पण धरलं असतं.

म्हणजे पोरगं शिकून राहिलंय.

२४ जून
समोर शिवकन्येच्या दारात लई गर्दी. आत जागा नाही म्हणून पोरं ताटं घेऊन पायऱ्यांवर बसलेली. मला वाईट वाटलं. आईबापांनी इतक्या लांब शिकायला पाठवलं, आणि यांना फुकटचं शिक्षण नको, नुसतं खायला पाहिजे. शिवकन्या मला बघून लांबूनच म्हणाली, अक्का, काही लागलं तर सांगा. मला काय लागणार? माझ्याकडं सगळं उरलेलं आहे.

गाय आज तिसऱ्या भाकरीला तोंड फिरवून गेली.

२७ जून, दुपारी
आज एक नवा माणूस जेवायला आला. पन्नाशीचा, साधा शर्ट, पायात चप्पल. मला वाटलं कुणा पोराचा बाप. वैजनाथ एकटाच होता पंगतीला, त्याच्या शेजारी बसला. पहिली भाकरी संपल्यावर म्हणाला, बाई, अजून एक द्या. मी भिंतीकडं बोट केलं. त्यानं नियम वाचला. हसून म्हणाला, माझा विषय गणित, इंग्रजीची बोंबच आहे. मी म्हणलं, या वयात असं सांगायला लाज नाही वाटत? मी शिकून राहिलेच की.

मग त्यानं विचारलं, बाकीची पोरं कुठं? म्हणलं, अभ्यासाला. तो वैजनाथकडं वळला आणि म्हणाला, तुझं पोट भरलं का रे? वैजनाथनं आधी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, यस.

त्या माणसानं स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी उचलून वैजनाथच्या ताटात ठेवली. माझ्या मेसमध्ये, माझ्यासमोर, टोपलं भरलेलं असताना. वैजनाथनं ती दोन घासांत संपवली. मी टोपल्यावरचं फडकं सारखं केलं. 

हात धुताना म्हणाला, मी नरसिंग.

मी घाबरले नाही. थँक यू सर, कम अगेन म्हणलं, एकदम स्पष्ट. त्यांनी मान हलवली. मोठी माणसं कमी बोलतात. मला वाटतं काम झालं.

२८ जून
अ‍ॅडव्हर्ब राहिलं होतं, ते केलं. स्लोली, क्विकली. आठही पार्ट पूर्ण. पंगतीला कुणी नव्हतं, म्हणून अडथळा आला नाही. वैजनाथ पण नाही.

२९ जून
हॉस्टेल शिवकन्येला गेलं.

हे सांगायला आले तेव्हा दारातच उभे राहिले. मी विचारलं, तिनं काय दिलं सरांना? हे म्हणाले, काही न्हाई दिलं. सर म्हणाले, लांब लांबच्या खेड्यातल्या मुली हायत, आई जवळ न्हाई, पोरगी अर्धपोटी उठली तर ते बघणारं माणूस पाहिजे. स्टँडर्ड म्हणजे तेवढंच. मी विचारलं, तुम्हाला इतकं आतलं कसं माहीत? हे म्हणाले, सर तिकडं जेवले तेव्हा मी शेजारच्याच पाटावर होतो.

मग बडीशेपेचं कळलं.

तशीच समोर गेले. ठरवून गेले होते, तिचं इंग्रजी चारचौघांत काढायचं. आत पंगत बसलेली. वैजनाथ, आणि त्याच्या पलीकडं रेणुका. रेणुकाचा घास हातातच राहिला. वैजनाथच्या ताटात भाकरी होती आणि शिवकन्या त्यावर अजून एक टाकून राहिली होती. तो नको नको म्हणत होता, ती म्हणत होती, गप खा, पाय बघ कसे काड्या झालेत. मी तिला विचारलं, तुला पार्ट्स ऑफ स्पीच किती येतात? ती म्हणाली, अक्का, मला ते वेलकम बेटा तेवढं येतं, ते पण टीव्हीवरचं. बसा, ताट घेते.

बसले. उभं राहून किती बोलणार? भाकरी जाड होती. दोन खाल्ल्या. तिसरी तिनं न विचारता टाकली.

निघताना ती म्हणाली, मुलींच्या एवढ्या भाकऱ्या मला एकटीला झेपायच्या न्हाईत. तुमच्या हातासारखी भाकरी या गल्लीत कुणाची न्हाई. सकाळी येत जा, दोघी मिळून करू. तुम्ही भाकऱ्या बघा, वाढायचं आणि बोलायचं मी बघते.

मी सांगितलं, विचार करावा लागेल, माझा अभ्यास असतो. मग एक अट घातली, की माझ्याशी तिथं कुणी इंग्रजीत बोलायचं नाही. ती लगेच कबूल झाली. पंगतीतले सगळे पण कबूल झाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

३० जून
भिंतीवरचा नियम पुसला. ओल्या फडक्यानं नीट जात नाही. हे म्हणाले, राहू दे, चुना मारू. आज हे घरी जेवले. मीठ मागितलं. दिलं.

१ जुलै, दुपारी
पहिला दिवस. शिवकन्येची परात माझ्या परातीपेक्षा मोठी आहे. तवा बरा आहे. ती पीठ जाडं दळून आणते, ते उद्यापासून मी दळून आणणार. मुली आल्या, नव्या नव्या, बावरलेल्या. मी आत होते, मला दिसल्या नाहीत, नुसते आवाज.

वैजनाथ आतल्या दाराशी येऊन म्हणाला, मावशी, अजून एक. दिली. परत आला. परत दिली. चौथीला आला तेव्हा लाजून उभा राहिला, काही बोललाच नाही. न बोलता दिली.

इंग्रजी आज झालं नाही. हात पिठात होते.