डाव्या गुडघ्याबाबत माझं अखेरचं मत

मी, डॉ. शशिधर वामन हळबे, वय त्र्याहत्तर, मूळचा मिरजेचा, एकोणीसशे अडुसष्टपासून साउथहॅम्प्टनचा रहिवासी, पेशाने हाडांचा डॉक्टर, सध्या निवृत्त आणि बराचसा वैतागलेला, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कुणाचं दडपण नसताना, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. स्मरणशक्ती शाबूत आहे. ती थोडी कमी असती तर हे कागद निम्म्यात आटोपले असते. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. वकीलबाईंनी याचं इंग्रजी करून घेतलं आहे, पण 'अनावश्यक' म्हणून माझी बरीच वाक्यं गाळली. तेव्हा वाद झालाच तर हे मराठी खरं धरावं.

कलम एक. माझा एकुलता मुलगा नकुल, राहणार मेडनहेड, याला मी व्यवस्थापक नेमतो. त्याला मराठी वाचता येतं, पण सावकाश. त्याने हे एका बैठकीत संपवायच्या फंदात पडू नये आणि मधली पानं गाळू नयेत. लहानपणी पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची त्याला खोड होती.

कलम दोन. इथल्या कायद्याप्रमाणे दोन साक्षीदार लागतात, आणि जो साक्षीदार म्हणून सही करेल त्याला या कागदातून छदामही मिळत नाही. कलमात त्याचं नाव असलं तरी ते कलम त्याच्यापुरतं बाद होतं. वकीलबाईंनी हे मला तीनदा सांगितलं, जणू मी ऐकायला कमी येणारा पेशंट. म्हणून साक्षीला शेजारच्या रश्मी साठे आणि त्यांचे यजमान शशिकांत यांना बोलावलं आहे. रश्मीबाईंचा माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीवर बरेच दिवस डोळा आहे. सही केल्यावर ती त्यांना मिळणार नाही, म्हणून त्यांनी ती आजच उचलून न्यावी.

कलम तीन. माझी हत्यारं, म्हणजे रबरी हातोडी, सांध्याचा कोन मोजायची पट्टी आणि एक्स-रे बघायचा दिव्याचा डबा, हॉस्पिटलातल्या शिकाऊ डॉक्टरांना द्यावीत. सोबत माझं वाक्य द्यावं. मिरजेला आमचे सर सांगत, आधी चाल, मग हात, मग फिल्म. पेशंट दारातून कसा चालत येतो ते पाहा, मग त्याला हात लावा, आणि फिल्म सगळ्यात शेवटी. हे मी तीस वर्षं पोरांना घोकायला लावलं. एका दिवशी मी स्वतः विसरलो, त्याचं कलम सहा.

कलम चार. अनुराधाच्या, म्हणजे माझ्या दिवंगत पत्नीच्या साड्या सूनबाई तनिषाला. तिने त्या नेसल्या नाहीत तरी हरकत नाही, पण त्यांच्या उशा शिवू नयेत.

कलम पाच. ज्या साहेबांनी मला नऊ वर्षं बढतीपासून लांब ठेवलं, ते गेल्या वर्षी वारले. त्यांना माफ केलं आहे. जिवंत असते तर केलं नसतं.

कलम सहा. घर.

या घराचा अर्धा हिस्सा नकुलला आणि अर्धा वाल्मिर सोआरेस याला द्यावा. वाल्मिर हा तीस वर्षांचा ब्राझिलियन गृहस्थ बेसिंगस्टोकजवळच्या एका गावच्या, मोठ्या लीगबाहेरच्या क्लबात सेंटर फॉरवर्ड खेळतो आणि आठवडाभर गोदामात काम करतो. नकुलला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, हाफ द हाउस? एका फुटबॉलरला? आणि तो पण नॉन-लीग! आर यू फीलिंग ओके?" मी बरा आहे. कारण असं आहे.

एकोणीस जुलै दोन हजार एक, गुरुवार. एका मोठ्या क्लबने (नाव लिहीत नाही, वकीलबाई रागावतात) बावीस वर्षांचा एक स्ट्रायकर ब्राझीलहून आणला होता. सही करण्याआधी इथे खेळाडूची वैद्यकीय तपासणी होते, आणि गुडघ्यांसाठी तो क्लब माझ्याकडे येई. त्या दिवशी माझी ओपीडी तुडुंब होती, दुभाषा आला नव्हता, आणि एजंट दर पाच मिनिटांनी दारातून डोकावत होता. मी एमआरआयची फिल्म दिव्याला लावली. डाव्या गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट नव्हतंच. जुनं तुटून विरघळून गेलेलं. मी लिहिलं, "हा गुडघा व्यावसायिक खेळ सहा महिन्यांहून जास्त सोसणार नाही." खाली सही ठोकली. पोरगा बाहेर बाकावर उसन्या सुटात बसला होता. मी त्याला आत बोलावलं नाही. त्याची चाल पाहिली नाही, गुडघ्याला हात लावला नाही. करार मोडला.

आजी पोर्तुगीज असल्याने त्याच्याकडे पोर्तुगालचा पासपोर्ट होता, म्हणून तो परत न जाता इथेच राहिला. ऑक्टोबरात पेपरात चार ओळी आल्या: बेसिंगस्टोककडच्या छोट्या क्लबात ब्राझिलियनची हॅटट्रिक. माझं डोकं फिरलं. सहा महिने मी लिहिले होते आणि तीनच झाले होते, म्हणून शनिवारी गाडी काढून मी तिकडे गेलो. स्पष्टच लिहितो, तो गुडघा मोडताना पाहायला गेलो होतो. मोडला असता तर घरी येऊन शांत झोपलो असतो.

मोडला नाही. पुढच्या शनिवारी गेलो, तेव्हाही नाही. साठ-सत्तर प्रेक्षक, पत्र्याचं छप्पर, पाणचट चहा, आणि चहाच्या टपरीजवळच्या कोपऱ्यात मी. गुडघ्याचे सहा महिने झाले, वर्ष झालं. लोक मला 'डॉक शशी' म्हणायला लागले. वाल्मिरशी हातात हात देण्याइतकी ओळख झाली, मग चहा एकत्र होऊ लागला. एकदा सहज विचारलं, गुडघ्याला कधी लागलं होतं का? म्हणाला, अकरा वर्षांचा असताना भिंतीवरून पडलो, तेव्हापासून असाच खेळतो. अकरा वर्षं त्या गुडघ्यावर खेळून तो माझ्या दाराशी आला होता! मांडीच्या स्नायूंनी लिगामेंटचं काम शिकून घेतलं होतं. असं हजारात एखाद्याला जमतं. बाकावरून उठवून दहा पावलं चालवला असता तर मला ते दिसलं असतं. मी कोण ते मात्र मी त्याला सांगितलं नाही.

इथवरची चूक माणसाची म्हणता येईल. पुढची माझी स्वतःची आहे.

जून दोन हजार चारमध्ये उत्तरेकडच्या एका व्यावसायिक क्लबने त्याला मागितलं. तोवर त्याचे एकाहत्तर गोल झाले होते आणि त्यातले बहुतेक मी डोळ्यांनी पाहिले होते. त्या क्लबने माझा जुना रिपोर्ट मागवला आणि पत्राने विचारलं, आपलं मत अजून तेच आहे का? अनुराधा टेबलापाशी उभी होती. म्हणाली, "अहो, एक ओळ तर लिहायची आहे. माझी चूक झाली, एवढंच. दर शनिवारी तिथे जाऊन थंडीत कुडकुडता, ते कशासाठी मग?" मी म्हणालो, "सही केलेलं मत डॉक्टर बदलत नाही." तिला बाहेर पाठवलं आणि लिहिलं, "माझं मत कायम आहे."

का लिहिलं? पाच वर्षं विचार करतो आहे. छत्तीस वर्षांत या देशात माझा एकही कागद खोटा ठरला नव्हता. तेवढाच एक मोठेपणा माझ्या गाठीशी होता, आणि तो राखायला मी एका माणसाचं आयुष्य खर्ची घातलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर सुंभही जळलेला नव्हता.

 त्या वर्षापासून अनुराधा दर शनिवारी बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा माझ्या हाती देई, "त्याला द्या" म्हणे, आणि माझ्यासाठी एकही मागे ठेवत नसे. दोन हजार सातमध्ये ती गेली. शेवटच्या आठवड्यातही तिने विचारलं, "पत्र लिहिलंत?" मी हो म्हणून मान हलवली. ते खोटं होतं. डबा वाल्मिरला द्यावा.

दरम्यान माझे दोन्ही गुडघे बदलून झाले. मी कोपऱ्यात काठी टेकून उभा, आणि मी मोडीत काढलेला गुडघा समोर धावतोय. आजवर एकशे ब्याण्णव गोल झाले. त्याची एक सवय आहे. गोल केला की धावत माझ्या कोपऱ्याकडे येतो आणि डाव्या गुडघ्यावर दोन थापा मारतो. पहिली तीन वर्षं तो असं करत नसे. त्यांच्याकडची काही रीत असेल म्हणून मी टाळ्या वाजवतो. येत्या शनिवारी त्याचा शेवटचा सामना आहे.

कलम सात. एकोणीस जुलै दोन हजार एकचं माझं मत चुकीचं होतं आणि जून दोन हजार चारचं लबाडीचं होतं. दोन्ही मी मागे घेतो. याची सही केलेली प्रत वाल्मिरला द्यावी. आता तिचा त्याला काडीचा उपयोग नाही, हे मला कळतं.

कलम आठ. माझ्यामागे भाषणं नकोत. अंत्यविधी शनिवारी दुपारी ठेवू नये.

मसुदा इथे संपला होता. पुढचं आज दुपारचं आहे आणि सह्यांच्या आधी जोडतो आहे. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ते जिवंतपणी सांगायला हवं, म्हणून आज वाल्मिरला बोलावलं. नकुल मेडनहेडहून आला आणि तोंड पाडून सोफ्यावर बसला. साठे पती-पत्नी आले. मी कलम दोन आणि कलम सहा इंग्रजीत वाचून दाखवलं. वाल्मिरचं बोलणं मी माझ्या मराठीत उतरवतो.

तो म्हणाला, "डॉक, मला माहीत आहे. दोन हजार चारला त्या क्लबने कागद माझ्यासमोर ठेवला. खाली तुमचं नाव होतं."

"पाच वर्षं माहीत होतं?"

"पाच वर्षं."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने डाव्या गुडघ्यावर दोन थापा मारल्या. "बोललो की. दर शनिवारी."

मी टाळ्या वाजवत होतो, हेच डोक्यात घुमत राहिलं. शशिकांतनी पेनाचं टोपण काढलं होतं. वाल्मिरने नकुलला विचारलं, "जो साक्षीदार होतो त्याला काही मिळत नाही ना?"

नकुल म्हणाला, "नो. नथिंग. डबा पण नाही."

"डबा माझ्याच घरी आहे," वाल्मिर म्हणाला, आणि शशिकांतच्या हातातून पेन घेतलं. मग माझ्याकडे वळला. "तुमचं घर मुलाला द्या. मला घर नको होतं, डॉक. मला चोविसावं वर्ष हवं होतं, पंचविसावं हवं होतं. ते तुमच्याकडे नाही." खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "शनिवारी तीनला या. त्याच कोपऱ्यात."

तो समोर बसला आहे. माझं लिहून होईपर्यंत थांब म्हणून सांगितलं आहे. दुसरा चहा चालू आहे. नकुल मघाशी हळूच म्हणाला, "बाबा, मी तुम्हाला ड्राइव्ह करतो सॅटर्डेला." घर आता पूर्ण त्याचं, आणि तरी पोराचा चेहरा उतरलेला आहे. मला काहीतरी देऊन मोकळं व्हायचं होतं. मला मोकळं होऊ दिलं नाही. याचा मला राग येतो आहे, आणि तो रास्त नाही हेही समजतं. शनिवारी जाणार आहे. गोल झाला तर या वेळी टाळ्या वाजवणार नाही, टोपी काढून उभा राहीन.

वरील सर्व मी वाचून पाहिलं. ते माझंच आहे. दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करतो.

साउथहॅम्प्टन, रविवार, एकोणीस एप्रिल दोन हजार नऊ.

शशिधर वामन हळबे

साक्षीदार पहिल्या: रश्मी शशिकांत साठे, शेजारी. कुंडी मिळाली.

साक्षीदार दुसरे: वाल्मिर सोआरेस, सेंटर फॉरवर्ड. टेबलावर चहाचे कप असल्याने कागद डाव्या गुडघ्यावर ठेवून सही केली.