बालवाडीत झोपणारा पोरगा

बाई, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आज तुमच्या खुर्चीवर मी बसते. तेडागर होते, बाई झाले. घरोघरी जाऊन पोरं उचलून आणायचं काम आता दुसरी करते आणि मी तिच्यावर ओरडते. तुमच्यामागे दोघी आल्या, टिकल्या नाहीत. एक तर सुरतेत प्लेग आला त्या वर्षी गावी पळाली ती परतलीच नाही. मग बालवाड्या तपासणाऱ्या मोठ्या बेनना माझी आठवण झाली. मला घरच्यांनी चौथीतून काढलेलं, सातवीची परीक्षा तुम्ही मानगूट धरून बाहेरून द्यायला लावली होती, तो कागद आता कामाला आला. सध्या शिबिराला बसवलंय. शिकवणारी मॅडम माझ्या लेकीच्या वयाची. तिने एकेक कोरा कागद वाटला आणि म्हणाली, "शिकवण्याबद्दल तुमचे विचार लिहा. तुमची मूल्यं काय, तेही लिहा." बाकीच्या बायकांनी पटापटा लिहिलं, पोरं म्हणजे फुलं, पोरं म्हणजे मातीचा गोळा. एवढं गोड लिहिणारीचा मला संशयच येतो. हिने कधी कुणाचं नाक पुसलंय का? मी कागद तसाच घडी करून घरी आणला. त्यावरच हे तुम्हाला लिहिते आहे.

मला तुम्ही जे काय शिकवलं ते एका दिवसात शिकवलं. मी नवीन होते. नवागामच्या मागच्या गल्लीतल्या एका पोरीची आई दारातूनच म्हणाली, ताप आहे, आज येणार नाही. मी येऊन तसंच सांगितलं. तुम्ही खिचडीच्या पातेल्यात डाव फिरवताय. मान वर न करता विचारता, "हात लावून बघितलास?" मी म्हणते, नाही. "मग ताप कुणाला आहे, तुला? तेडागर म्हणजे पोस्टमन नव्हे, निरोप आणायला. जा परत." गेले. पोरगी ठणठणीत, मांडी घालून साडीचे धागे कापत बसलेली, हातात तिच्या तोंडाएवढी कात्री. तिला काखेत मारून आणली तर आई अर्ध्या रस्त्यापर्यंत शिव्या घालत मागे. तुम्ही पोरीपुढे ताटली ठेवलीत आणि मला म्हणालात, "पोराला खोटं शिकायला पाच-सहा वर्षं लागतात. आईला मिनिटही लागत नाही." तेव्हाच तुम्ही अफूचंही सांगितलंत. आपल्या खानदेशात शेतावर जाताना आया तान्ह्याला मोहरीएवढी अफू चाटवायच्या, ती सवय गाठोड्यात बांधून सुरतेला आली. पोर फार झोपाळलेलं दिसलं तर पापणी उचलून बघायची. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी असेल तर समजायचं. मी सगळं डोक्यात कोंबलं. कुणाच्या आईवर भरवसा ठेवायचा नाही, हीच माझी शाळा.

यंदा दिवाळीनंतर साडेतीन वर्षांचा एक पोरगा दाखल झाला. प्रार्थना संपायच्या आत भिंतीला टेकून झोपायचा, खिचडीलाही उठायचा नाही. चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी आई न्यायला आली तशी मी सगळ्या बायकांसमोर विचारलं, "किती चाटवतेस गं?"

"काय?"

"अफू. मला शिकवू नको. तुझ्यासारख्या पन्नास पाहिल्यात."

ती म्हणाली, "मी काय वैरीण शे का पोराची?" आणि त्याला खांद्यावर टाकून गेली. त्याची पापणी मी उचलली होती का? नव्हती. तेवढाही दम मला निघाला नाही. दुसऱ्या दिवसापासून पोरगा बंद. तेडागर दोनदा गेली, दोनदा हात हलवत आली. आठ दिवसांनी मीच गेले.

एकच खोली. त्यात नवरा आणि जेठ, म्हणजे थोरला दीर, रात्रपाळी करून आडवे पडलेले, आणि त्यांच्या पायाशी पोरगा निपचित. मागची भिंत लूमच्या कारखान्याची. टेकले तर तिच्या थरथरीने पाठीला मुंग्या आल्या. मी वाकून पापणी उचलली. टाचणीचं टोक. सापडलीस, अशा नजरेने मी आईकडे वळले. ती मला ओढून गल्लीत घेऊन गेली. "रात्री भिंतीपायी याला झोप नाही. दिवसा रडला तर जेठ दोघांना बडवतो. तुमच्याकडे कारखान्याचा आवाज नाही, म्हणून तिथे झोपायचा. मी फक्त रविवारी द्यायची, बालवाडी बंद असते म्हणून."

"आणि आता?"

"आता रोजच रविवार शे, मावशी."

बाई, मी आत जाऊन पोराला उचलला. अफूची डबी तिने आपणहून माझ्या हातात ठेवली. दुसरी नसेल कशावरून, असं मी तरीही विचारलंच. आता तो रोज येतो आणि कोपऱ्यात माझ्या जुन्या लुगड्याच्या घडीवर झोपतो. मोठ्या बेन भेटीला आल्या, म्हणाल्या, बालवाडीत पोरं झोपलेली चालत नाहीत, नोंद करावी लागेल. मी म्हटलं, करा. रविवारी तो डिंडोलीला माझ्या घरी असतो. मॅडमच्या कागदावर लिहायचंच झालं तर मी एवढंच लिहीन, पोर झोपलं तर झोपू द्यावं, आणि तोंड उघडायच्या आधी त्याचं घर बघून यावं.

पण परवाच्या रविवारी तो आला नाही. दहा वाजले, अकरा वाजले. मी चपला अडकवल्या आणि निघाले. रस्ताभर तिला काय काय सुनवायचं ते जुळवत होते, आणि खरं सांगते, पाय भराभर पडत होते. दार उघडंच. दोघे पुरुष गावी लग्नाला गेलेले, खोली मोकळी, आणि पोरगा रिकाम्या डब्यावर डाव आपटत सगळ्या खोलीभर पळत होता. आई म्हणाली, "या मावशी. आज घरीच ठेवला. जेठ नाही, म्हटलं करू दे दंगा." मला हायसं वाटायला पाहिजे होतं. वाटलं, पण नंतर. आधी वाटली ती चुटपुट, आई अफू देताना सापडली नाही म्हणून.

हे मॅडमला दाखवण्यासारखं नाही. आणि तुमचा पत्ता असता, तरी तुम्हालाही मी हे पाठवलं नसतं.