निवट्यांना न दिसणारा जांभळा

३ जून, सोमवार
युनिव्हर्सिटीच्या कुमाशिरोबाई आमच्या काशिमा गावात आल्यात. अर्धा जन्म चिखलावर काढणाऱ्या निवटा माशांच्या डोळ्यांची जनुकं कशी बदलत गेली, ते शोधतात. शनिवारपर्यंत सहा जिवंत निवटे हवेत. मी पकडून देतो म्हणालो. चोवीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय. डोळे हा माझाच विषय. त्यांच्या निबंधात माझं नाव आलंच पाहिजे. सासूबाई त्रेपन्न वर्षं निवट्यांवर गळ फेकतायत, पण जनुक म्हणजे काय, विचारा!

४ जून
बाईंचा जुना लेख दोनदा वाचला. पाण्याबाहेर राहता राहता निवट्यांनी जांभळ्याच्या पलीकडचं पाहणारं जनुक गमावलं. म्हणजे जांभळा माणूस त्यांना दिसणारच नाही! (जांभळा आणि पलीकडचा, फरक किरकोळ.) बाईंना हे सुचलेलं नाही. जांभळा रेनकोट आणला. छटा तंतोतंत.

५ जून, दुपारी २.४०, ओहोटी
फळीवर गुडघा टेकून चिखलातून सरकत गेलो. निवटे बिळात. सगळे. कारण सापडलं: टोपी पिवळी होती. सासूबाई बांधावरून ओरडल्या, अहो जावईबापू, चिखलात वांगं कधीपासून उगवायला लागलं?

६ जून
टोपी, हातमोजे, बूट, सगळं जांभळं. एक निवटा दिसला. गळ फेकला, तो माझ्याच पाठीत अडकला. रेनकोट फाटला, आतला पांढरा बनियन दिसला, म्हणून निवटा पळाला. सिद्धांत शाबूत. सानाए म्हणाली, शिवून देते, पण शेजाऱ्यांनी विचारलं तर मी तुमची बायको नव्हे.
कुमाशिरोबाई बांधावर दुर्बीण घेऊन भराभर लिहीत होत्या. माझं तंत्र टिपून घेतायत.

७ जून
शून्य. शेवटी सासूबाई फळी घेऊन आल्या. म्हणाल्या, सरका बापू, तुम्ही घरी जाऊन चहा टाका. पाऊण तासात सहा. अंगात जुना मातकट सदरा. सगळे निवटे माझ्याकडेच बघत होते म्हणून त्यांना जमलं, हे कोणी लक्षात घेत नाही.

८ जून, शनिवार
बाई निवटे घेऊन गेल्या. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, तुमची फार मदत झाली, निबंधात घेऊ ना? मी म्हणालो, अवश्य. मग त्यांनी वही उघडली. काय जवळ आलं की निवटे किती अंतरावरून पळतात, त्याचा तक्ता. बगळा: चार मीटर. सासूबाई: सहा. मी: एकतीस.
माझं नाव कुठे येईल, विचारलं. तक्त्यात नावं नसतात म्हणाल्या. सासूबाईंचं आभारात आहे.