कोठीचं कुलूप

४ जुलै
मी शिकवतो त्या कॉलेजात विज्ञान मंडळाचं भाषण मीच देल्लं. क्वांटम कॉम्प्युटर अन् डेटाची कुलपं. गावालेही बोलावणं होतं, बाबा पहिल्या रांगेत. समजावं म्हणून कोठीचं उदाहरण देल्लं: आज कुलूप तुटत नाई, तं चोर धान्याची अख्खी कोठीच उचलून नेते, अन् हत्यार आलं की उघडते. डेटाचंही तसंच, हत्यार म्हणजे हे क्वांटम मशीन. टाळ्या पडल्या. लय खुश होती मी.

५ जुलै
शेतकरी नोंदणीची शेवटची तारीख १५. सेवा केंद्रावर अंगठा देल्ला तं नोंदणी, नोंदणी तं पीकविमा. मागच्या साली सोयाबीन उभं सडलं, तरी बाबा म्हणतात अंगठा देत नाई. "तूच सांगतलं ना, आज नेतात अन् मंग उघडतात."
असं मशीन अजून बनलंच नाई, म्हटलं. मंग भाषण कायले देल्लं, म्हणे.
कपाळ माहं!

७ जुलै
पेपरात एक कंपनी म्हणते, दोन-चार वर्षांत सगळी कुलपं तोडू. बाबानं कात्रण कापून पंचांगात ठेवलं. मी मोबाईलवर दुसऱ्या कंपनीचं दाखवलं, की पहिलीचा दावा फुसका, चाचणीच सोयीची निवडली. तो त्याच्या धंद्यासाठी बोलते, हा याच्या, म्हणे. तू कोनाच्या बाजूनं?
मले तरी काय माहीत! चीड येऊन राह्यली नुसती.

८ जुलै
अमरावतीच्या माह्या जुन्या सरांले फोन केला. पाच वर्षं म्हण का पंचवीस, दोन्ही खरं निघू शकते, म्हणाले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. नवी, मजबूत कुलपं बनून राह्यली, एवढं मात्र सांगतलं.
बाबाले तेच सांगतलं. "अन् जुनी कोठी नेली ती?"

११ जुलै
सेवा केंद्रवाल्या गजाननचा फोन. शेजारची शांताकाकू अन् अजून तिघं अंगठा न देताच परतले, मॅडमनं सांगतलं म्हणून. मी घरोघरी फिरली. राशनले दर महिन्याले अंगठा देता तो चालते का, विचारलं. काकू हसली, उद्या जातो म्हणे.
बाबा हसले नाई. "तवा माहीत नव्हतं. कुलूप बदलता येते बाई, अंगठा बदलता येते का?"
भाषणात हे कोणी विचारलं असतं तं शाबासकी देल्ली असती.

१४ जुलै
बाबा कबूल झाले. पण पयले लिहून दे म्हणे, की माह्या अंगठ्याले कधीच काई होणार नाई. वहीचं पान फाडून लिहिलं, 'बहुतेक काही होणार नाही.' बाबानं चष्मा लावून वाचलं. "बहुतेक काढ." काढलं. सही कराले पेन उचलला.
"सही नको. सही बदलता येते. अंगठा दे."
बाबानं कपाटातून शाईचा पॅड आणून समोर ठेवला.

१५ जुलै
बाबा सकाळपासून धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसून हायेत, सातबारा पिशवीत. घाई करत नाईत. सहाले केंद्र बंद होते. गजाननचे दोन फोन आले.
पाच वाजून दहा. कागद समोर, पॅड उघडा. माहा अंगठा अजून कोराच हाये.