मधला हंगाम

बाझल, जूनचा पहिला आठवडा

प्रिय लेआंडर,

मी घरी सुखरूप पोचले. हे कळवते ते केवळ पद्धत म्हणून, कारण तू फोन करून विचारलं नाहीस. विचारशील अशी अपेक्षाही नव्हती. छपराचं काम, नळवाला, क्रेनवाला, तुझ्या डोरिसचे नवे पडदे, तुझ्यामागे व्याप काय कमी आहेत! आणि तुला माझ्या पोचण्याची खबर नकोच आहे. तुला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय, हंगाम सुरू व्हायच्या आत आई बाल्कनीची खोली कशी सोडेल. ते उत्तर माझ्याकडे आहे आणि मी ते देणार आहे. पण आधी माझं थोडं ऐकून घे. मी तिथे होते तेवढ्या दिवसांत तू एकदाही माझ्यापुढे खुर्चीवर टेकला नाहीस. आता कागदापुढे तरी टेक.

तू मला बोलावलंस तेव्हा म्हणालास, "मधल्या हंगामात ये गं, निवांत असतं." मधला हंगाम! तो शब्द ऐकला आणि मी विरघळले. ही बाई साठीला आली तरी या एका शब्दावर धावत येईल, हे तुला पक्कं ठाऊक होतं. हिवाळ्याचे पाहुणे गेलेले, उन्हाळ्याचे अजून यायचे; चौकात बस थांबली तेव्हा उतरणारी मी एकटीच. गावातल्या सगळ्या खिडक्यांची लाकडी दारं लावलेली, रोपवेचे पाळणे दुरुस्तीसाठी काढून शेडमध्ये पोटं उघडी टाकून ठेवलेले, उतारांवर तपकिरी गवत आणि सावलीत काळा पडलेला बर्फ. पाहुणे असताना ठोकाठोक करायला बंदी, म्हणून साऱ्या गावाची ठोकाठोक आताच. बेकरीच्या दारात हेडविग उभी होती. मला बघून ओरडली, "कोण, रुपनांची अगाथा? अगं, वाट चुकलीस की काय? आता इथे कोण येतं! आम्हीच एकमेकांची तोंडं बघून कंटाळलोय." आणि दुसऱ्याच दमात, "म्हातारीला खाली फिस्पच्या वृद्धाश्रमात हलवायचंय ना? बरं झालं आलीस, तुझं ऐकेल ती." म्हणजे गावभर झालं होतं. ज्या कामासाठी मला बोलावलं ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. तू मला सांगितलंस ते एवढंच की चार दिवस आईजवळ राहा.

मधला हंगाम म्हणजे आपल्या दोघांसाठी काय होतं, ते तू विसरलास की विसरल्याचं सोंग करतोस? डिसेंबरात पहिला पाहुणा हॉटेलाच्या उंबऱ्यावर बूट झटकायचा आणि त्या क्षणापासून आपली आई संपायची. मग ती फ्राऊ रुपन, रुपनबाई. आणि तिला 'तुम्ही' म्हणायचं. "घरातलं अरे-तुरे कानावर पडलं की पाहुण्याला वाटतं, आपण दुसऱ्याच्या घरात घुसलोय," हे तिचं म्हणणं. गावात दुसऱ्या कुठल्याही घरी हा नियम नव्हता. शाळेत आपली टिंगल व्हायची, "रुपनांची पोरं आईला मॅडम म्हणतात." घर भरत आलं की ती आपल्या दोघांच्या खोलीच्या दारात उभी राहायची, हातावर धुतलेल्या चादरी, आणि ते तिचं नेहमीचं वाक्य बोलायची. आवाज चढवायची नाही, कारण सांगायची नाही. आपण आपापली उशी उचलून तळघरात बॉयलरशेजारी झोपायला जायचो. तू तुझ्या लाकडी गायींचं खोकंही घ्यायचास आणि जिन्यात त्यातली एखादी गाय हमखास पाडायचास. तळघरात साबणाचा वास यायचा. मला अजून धुलाईच्या दुकानात शिरलं की झोप येते.

आणि मग एप्रिल सरताना शेवटची बस वळणाआड गेली की ती पांढरा एप्रन काढायची, काउंटरवरच्या घंटीवर बाबांचा एक मोजा चढवायची आणि म्हणायची, "चला, आता तू म्हणा मला." तू सगळ्या मजल्यांवर धावत सुटायचास, "तू, तू, तू!" ओरडत. ती बाहेरच्या बाकावर उन्हात बसायची, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात, स्टॉकिंग कुठेतरी फेकलेले. माझी वेणी घालायची. जूनमध्ये घंटीवरचा मोजा निघाला की सगळं बंद. लेआंडर, वर्षातून दोनदा थोडे थोडे दिवस आपल्याला आई होती. बाकी वर्ष आपण तिच्या हॉटेलात कामाला होतो.

म्हणून मी आले. तुझं छप्पर बघायला नाही. मला वाटलं, म्हातारपणी तिचं डोकं चालत नसलं तरी मे महिना आहे, घर रिकामं आहे, घंटी वाजत नाही, तिला आतून कुठेतरी कळेल. आणि मी दारात पाऊल टाकलं तेव्हा तू माझ्या हातात काय ठेवलंस? पाहुण्यांचं कार्ड. नाव छापलेलं, रुपन अगाथा, खोली नंबर चार. मी ज्या घरात जन्मले त्या घराच्या काउंटरवर. वर म्हणतोस, "मशीनमधून आपोआप निघतं गं ते, मनावर घेऊ नकोस. बस फुकट आहे त्यावर." बसगाड्या अजून सुरूही झालेल्या नाहीत, सकाळची एक सोडली तर. पण ते जाऊ दे. कार्ड तुझ्या मशीनने छापलं असेल, पण ते खरं निघालं.

कारण तेवढ्यात आई जिना उतरून आली. काळा पोशाख, पांढरी कॉलर, केस चापूनचोपून. "या, स्वागत आहे. प्रवासात त्रास नाही ना झाला? फिस्पला गाडी बदलताना लोक उगाच घाबरतात, पण वरची बस थांबते." मी म्हटलं, "आई, मी अगाथा." ती गोड हसली. "वा, छान नाव आहे. आमच्याकडेही एक आहे." आणि स्वतः पुढे होऊन तिने मला चार नंबर दाखवला. आपली खोली! "इथे सकाळचं ऊन येतं," म्हणाली, जसं काही मला ते माहीत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी त्या खोलीत पाहुण्यांच्या चादरीवर झोपले. चादर छान होती. आपल्याला कधी तशी मिळाली नाही.

तू म्हणशील, ती आजारी आहे, तिला काय दोष द्यायचा. मी दोष देत नाही, मी सांगतेय. सकाळी लुर्देस न्याहारी घेऊन आली तर आई तिला म्हणाली, "ए, तू पुन्हा ओले केस घेऊन फिरतेस? बस इथे." आणि माझ्यासमोर त्या पोर्तुगीज बाईला, पन्नाशीच्या, पाठमोरी बसवून तिची वेणी घातली. लुर्देस बिचारी ओशाळली. मला म्हणते, "ताई, मला मेल्यासारखं होतंय." आणि आईला, "अहो मालकीणबाई, तुमची लेक ही बसलीय, तिची घाला." त्यावर आई दबक्या आवाजात तिच्यावर खेकसली, "पाहुण्यांसमोर काहीतरी बरळू नकोस." मला हेवा वाटला, लेआंडर. वीस वर्षं आपल्याकडे पलंग आवरणाऱ्या, माझ्या आईची धुणी धुणाऱ्या बाईचा हेवा. लाज वाटायला हवी, ती वाटली नाही. फक्त हेवा वाटला.

पण पाहुणी म्हणून माझी चंगळ झाली हं. ती रोज माझ्यासमोर येऊन बसायची. मला झोप लागली का, उशी मऊ आहे ना, राईचा पाव कडक नाही ना. मला विचारलं, लग्न झालंय का? मी म्हटलं, झालं होतं, मोडलं. तिने माझा हात हातात घेतला. "तुम्ही फार सोसलंत," म्हणाली आणि बराच वेळ तशीच बसली. तुला आठवतं, उर्स मला सोडून गेला तेव्हा मी तिला फोन केला होता? ती म्हणाली होती, "फेब्रुवारी आहे, अगाथा, घर भरलंय. एप्रिलनंतर बोलू." एप्रिलनंतर मी वाट बघितली. बोलणं झालं ते आता, आणि तेही एका अनोळखी बाईशी. तो हात काढून घ्यावासा वाटत होता आणि काढवत नव्हता.

मग मीच विचारलं. पाहुणे विचारतात तसं, सहज. "तुम्हाला मुलं आहेत का, फ्राऊ रुपन?" ती चटकन सावरून बसली, कॉलर नीट केली, दाराकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "आहेत दोन. पण काळजी करू नका, तुम्हाला त्यांचा त्रास होणार नाही."

मी उठून बाहेर बाकावर जाऊन बसले. तू छपरावरून ओरडलास, "काय गं, काय म्हणाली? तयार झाली का?" दुपारी तू जिन्यात गाठलंस आणि मग तुझं सुरू झालं. एप्रिलमध्ये तिला हलवायला गेलात तर ती पलंगाचा खांब धरून बसली, डोरिसच्या हातावर केसांचा ब्रश मारला, डॉक्टरांना बाहेर काढलं. गोड बोलून झालं, खोटं बोलून झालं. "तुझं ऐकेल ती, तू मुलगी आहेस. मला तर भांडी घासणारा समजते, परवा म्हणाली, तू हात धुऊन ये." हे सांगताना तू आपल्या हातांकडे बघत होतास, ते मला दिसलं. पण मी म्हटलं, तुला तू तरी म्हणते! तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. डोरिस मधे पडली, खालची जागा किती छान आहे, खिडकीतून द्राक्षमळे दिसतात, बायका प्रेमळ आहेत. असतील. त्या बाल्कनीच्या खोलीतून पाहुण्यांना हिमनदी दिसते, हे मात्र ती बोलली नाही. ते तुझ्या नव्या जाहिरातीत आधीच छापून झालंय.

आता जे तुला सांगितलं नाही ते सांगते. मी इथे बाझलला तिच्यासाठी खोली तयार करून निघाले होते. पलंग, दिवा, खिडकीशी खुर्ची. मला वाटलं होतं, मी तिला घेऊन जाईन आणि तुम्हा दोघांच्या तोंडावर दार आपटून जाईन. निघायच्या दिवशी मी तिला म्हटलं, "माझ्याबरोबर चला. माझ्याकडे जागा आहे." तिने माझ्या दंडावर थोपटलं. "किती चांगल्या आहात हो तुम्ही. पण भर हंगामात घर सोडून कसं चालेल मला? पुढच्या वर्षी नक्की या, तुमची खोली राखून ठेवते." आणि मग ती बाहेर येऊन उभी राहिली आणि बस वळेपर्यंत रुमाल हलवत राहिली. आपण शाळेच्या बसने जायचो तेव्हा तिने कधी वर बघितलं नव्हतं. मी बसमध्ये रडले. ड्रायव्हर म्हणाला, "सुट्टी संपली की सगळ्यांनाच वाईट वाटतं."

तर तुझं उत्तर. तिला तुझ्याकडे ठेव असं मी म्हणणार नाही; तू ठेवणार नाहीस, आणि माझ्याकडे ती येणार नाही. मला दिवस तेवढा कळव. मी खाली फिस्पला वृद्धाश्रमाच्या दाराशी उभी राहीन आणि प्रवासात त्रास नाही ना झाला, असं तिला विचारीन. ती एवढी भांडते याचं कारण तुम्ही तिला आई म्हणून हलवायला जाता. आई कधीच त्या घरात राहत नव्हती. हंगामाच्या आधी एका सकाळी पांढरा शर्ट घाल, हातावर धुतलेल्या चादरी घे आणि तिच्या दारात उभा राहा. आत पाऊल टाकू नकोस, आवाज चढवू नकोस, कारण सांगू नकोस. तिचंच वाक्य तिला म्हण, "पाहुणे आलेत. खोली हवीय." बघ, ती उशी उचलेल आणि मुकाट्याने जिना उतरेल. आपण दोघांनी तरी कधी एक शब्द काढला होता?

तुझीच,
चार नंबरची पाहुणी,
अगाथा