चुड्याखालचं स्पिरिट

प्रिय याडी, माझे आई,

तू गेल्यापासून मी तुझ्याशी बोलले नाही. तुझ्या फोटोला हार घातला, तोही तोंड फिरवून. पण आज राग पोटात मावेना, म्हणून दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि शिवणयंत्रावरच कागद ठेवून तुला लिहायला बसले.

सकाळी काकीची शिवून झालेली काचळी, तिची चोळी, द्यायला तांड्यावर गेले होते. काकी ओट्यावर बसलेली, दंड वर केलेला, हातात निळ्या झाकणाची बाटली. तिनं झाकणभर स्पिरिट दंडावरच्या घट्ट चुड्यात सोडलं, दंड गदागदा हलवला आणि दात आवळून "माय वो!" म्हणाली. हुबेहूब तू!

"काकी, हे काय करून राह्यली तू?"

"खाज सुटली वं पोरी चुड्याखाली. तुह्या याडीनंच तं शिकोलं मले. चरचरलं म्हंजे लागू पडलं."

ऐकलंस? गेलीस ती गेलीस, आणि जाताना हेही मागे ठेवून गेलीस?

कुठून शिकलीस गं हे? डॉक्टर सुई टोचायच्या आधी दंडाला गार बोळा फिरवतात, तेवढंच पाहिलंस आणि स्वतःच डॉक्टर झालीस! डास चावला, स्पिरिट. घामोळं आलं, स्पिरिट. माझ्या पोरांच्या अंगावर गांधी उठल्या की ती तुला पाहून खाटेखाली लपायची. बाच्या टाचांच्या भेगांना लावायला निघालीस, तेव्हा बा धोतर सावरत अंगणभर पळाला होता. तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता ते आठवलं तरी हसू येत नाही.

मग गेल्या वर्षी पावसाळ्यात शेताच्या धुऱ्यावरचं गाजरगवत उपटलंस आणि दोन्ही हातांवर पुरळ उठलं. उघड्या हातांवरचं गेलं. चुड्याखालचं राहिलं. जाईल कसं? घाम आत, पाणी आत, वारा नाही. त्यात तू रोज सकाळ-संध्याकाळ स्पिरिट ओतायचीस. घडीभर गार वाटायचं, मग कातडी कोरडी पडून तडकायची आणि दुप्पट खाजवायची. खाजवलं की पुन्हा स्पिरिट. तुला साखरेचा आजार, तुझं साधं खरचटलेलंसुद्धा लवकर भरत नव्हतं. हे तुला माहीत नव्हतं का?

महागावच्या डॉक्टरीणबाईंकडे मीच नेलं होतं तुला ओढत. त्या किती समजावून बोलल्या! "आजी, स्पिरिट चांगल्या कातडीवर सुईच्या आधी एकदा पुसायचं असते. खाजेवर रोज ओतायचं नसते, फुटलेल्या कातडीवर तं नाहीच. हा चुडा उतरवा, दंड धुऊन कोरडा ठेवा, हे मलम लावा."

तू मान डोलावलीस. मला वाटलं, पटलं. आणि ऑटोत बसल्याबरोबर म्हणालीस, "मलम तं चरचरतच नाही. कायले लावाचं?"

"आणि चुडा?"

तशी माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी तुझ्या नवऱ्याची तिरडीच बांधायला निघाले होते. "तुहा बा जिता हाये अजून. त्याच्या जितेपनी चुडा उतरवू? तोंडातून शब्द तं कसा निंगाला तुह्या!"

लग्नात चढवलेला तो पांढरा चुडा नवरा असेपर्यंत उतरवायचा नाही, हे मला का ठाऊक नव्हतं? मीही त्याच तांड्याची आहे. पण त्याखाली तुझं मांस सडत होतं, याडी! कोणत्या नवऱ्याला हवा असतो असा चुडा?

आणि बा! त्याला म्हटलं, तू तरी सांग तिला. तर बिडी विझवत म्हणाला, "बायकाइच्या गोष्टीत मी कायले पडू?" त्याचाही राग आहे मला. त्याच्या आयुष्यासाठी तू झुरत होतीस आणि तो बिडी विझवत होता!

पदराखाली झाकलंस. हसत राहिलीस. मी दिवाळीला आले तेव्हा तू तापानं फणफणली होतीस आणि स्पिरिटच्या वासात दुसराच एक वास मिसळला होता. जीप करून यवतमाळला नेलं. तिथं चुडा कापावाच लागला. आतला दंड मी पाहिला. तुला त्याचं वर्णन करून सांगत नाही. डॉक्टर म्हणाले, जंतू रक्तात गेलेत, उशीर झालाय. आणि तुला शुद्ध आली तेव्हा बिनचुड्याचा दंड चाचपून पहिलं काय विचारलंस?

"तुह्या बाले काही झालं तं नाही नं?"

एकदा तरी स्वतःबद्दल विचारायचं होतंस!

तू गेलीस, तेव्हा बायकांनी तो कापलेला चुडा लाल दोऱ्यानं बांधून पुन्हा तुझ्या दंडात अडकवला. पट्टीवरून! आणि म्हणाल्या, नशीबवान हाय, नवऱ्याआधी अहेव गेली. मला किंचाळावंसं वाटलं. कसलं नशीब? मी गप्प राहिले, कारण बा तुझ्या पायाशी बसून ढसाढसा रडत होता.

आज मात्र गप्प बसले नाही. काकीच्या हातून बाटली हिसकावली आणि अंगणात रिकामी केली. तिचा चुडा वर सरकवून पाहिलं. कातडी लाल झालीय, दोन जागी फुटलीय. अजून तुझ्याइतकं झालेलं नाही. "चाल दवाखान्यात," म्हटलं, तर तिनंही तुझंच वाक्य फेकलं तोंडावर, "तुहा काका जिता हाये अजून."

तशीच रागारागात बाच्या घरी गेले. जे तुझ्या वेळी बोलायचं राहिलं होतं, ते सगळं बोलले. मग बा म्हणाला, "उद्या मी येतो संगं. काकीच्या म्होरं उभा राह्यतो. सांगतो तिले, माह्या बायकोचा चुडा कापला, तरी पाह्य माह्याकडे. मी जिता आहो."

आणि रडला गं तो. पुढे म्हणाला, "हे मी तिलेच सांगाले पायजे होतं."

याडी, उद्या सकाळी आम्ही दोघं काकीकडे जातोय. तुला शब्द देते, तिला दवाखान्यात नेऊन चुडा उतरवल्याशिवाय मी इथं महागावला दुकानात परत येणार नाही. काका ओरडला तर बाला पुढे करीन. तुझा चुडा कापून वर्ष होत आलं आणि तुझा नवरा अजून धडधाकट आहे. भाकर खातो, बिडी ओढतो, माझ्यावर डाफरतो.

फक्त तू नाहीस.

तुझ्यावर अजून चिडलेली,
तुझीच लेक,
शेवंता